जुन्या लेन्सच्या काचेत आत नेमकं काय झालंय, टॉर्च लावून घरीच कसं ओळखायचं

मागच्या पंधरवड्यात तिघांनी मला जवळजवळ सारखाच फोटो पाठवला. लेन्स वेगवेगळ्या, एक निपाणीची, एक खानापूरची, एक इथंच बेळगावात टिळकवाडीतली, पण फोटो तोच, मागून मोबाईलचा टॉर्च लावलेला, काचेत पांढरं कायतरी दिसतंय आणि खाली एका ओळीचा प्रश्न, फंगस, म्हणजे बुरशी, आहे काय. तिघांपैकी एकाच लेन्समध्ये फंगस होती. दुसरीत नुसती धूळ, जी प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतेच, आणि तिसरीत दोन काचा जोडणारं बाल्सम सुटायलं होतं. आता बघा, तिघांनाही वेगळं उत्तर. एकानं लेन्स साफ करून घ्यायची, एकानं काही करायचं नाही आणि एकानं तर तिला उघडायचीच नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहायलोय.

माझं सगळं सांगणं एवढंच आहे की दोषाला नाव नंतर द्या, आधी तो कुठल्या थरावर बसलाय ते शोधा. थर कळला की निम्मं नाव आपोआप कळतंय, आणि काय करायचं ते पण.

हे मला नुकसान होऊन कळलं. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानात मला ५८ एमएमची एक मिनोल्टा रोकोर मिळाली, फार सुंदर लेन्स, फक्त काठाला चंद्रकोरीसारखा चमकता पट्टा. मी त्याला फंगस समजलो. मागची रिंग खोललो, दोन रात्री बसून पुसलो, पट्टा तसाच, मग अजून जोर लावलो. तिसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात बघतोय तर पट्टा होता तिथंच आणि मागच्या काचेचं कोटिंग, म्हणजे चमक कमी करणारा पातळ थर, मात्र माझ्या पुसण्यानं गेलेलं. खानापूरला एक जुने फोटोग्राफर काका आहेत, त्यांच्याकडं घेऊन गेलो. त्यांनी लेन्स खिडकीकडं धरली, एकदाच तिरकी केली आणि म्हणाले, "उघडलास होय गा? हे पुसून जायचं न्हवं, बाळ. हे काचेवर नाही, दोन काचांच्या मधे आहे."

"मग काका, आधी कसं कळायचं?"

"आधी बघायला शीक. कापूस सगळ्यात शेवटी घ्यायचा."

त्या दिवशी त्यांनी मला तासभर बसवून जे दाखवलं, तेच पुढं आहे, त्यात नंतर मी स्वतः शिकलेलं थोडं मिसळलंय.

काच कशी रचलेली असते

जुनी साधी ५० एमएमची लेन्स म्हणजे एक काच नसते. टेसार टाईपमध्ये ४ काचा ३ ग्रुपमध्ये असतात, हेलिओस ४४ मध्ये ६ काचा ४ ग्रुपमध्ये, सुपर टाकुमार ५० एमएम एफ १.४ च्या नंतरच्या मॉडेलमध्ये ७ काचा ६ ग्रुपमध्ये. ग्रुप म्हणजे एक सुटी काच नाहीतर एकमेकीला चिकटवलेल्या दोन-तीन काचांचा एक जोड. चिकटवायला पूर्वी कॅनडा बाल्सम वापरायचे, फर जातीच्या झाडाचा डिंक. तो पारदर्शक असतोय आणि उजेड वाकवायचा त्याचा गुण काचेच्या जवळपास असतोय म्हणून जोड डोळ्याला दिसतच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू सिंथेटिक सिमेंट आलं. आणि काचेच्या ज्या बाजूला हवा लागते तिथं कोटिंग असतं, १९३५ मध्ये झाईसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी याचं पेटंट काढलं, त्याच्या आधीच्या लेन्सना कोटिंग नसायचंच.

म्हणजे दोष बसायच्या जागा पाचच. काचेचा हवेकडचा पृष्ठभाग, दोन काचांमधलं सिमेंट, खुद्द काचेच्या पोटात, काचेच्या कडेला लावलेला काळा रंग, आणि उजेड कमी-जास्त करायला उघडणारे-मिटणारे अ‍ॅपर्चरचे ब्लेड. सगळी तपासणी म्हणजे या पाचपैकी कुठं ते ठरवणं.

तयारी

संध्याकाळी नाहीतर पडदे ओढून बसा. टेबलावर काळं कापड अंथरा, पांढरं नको, पांढऱ्यावर हेझ, म्हणजे काचेवरचा धुरकट थर, दिसत नाही. मोबाईलच्या टॉर्चपेक्षा बारीक झोत पडणारा छोटा एलईडी टॉर्च बरा. एक दहापटीचं भिंग घ्या, सोनार आणि घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं, शहापूरच्या सराफांना विचारलात तर कुठं मिळतंय ते सांगतील. रबरी ब्लोअर, एक पांढरा कागद, आणि पेन-वही.

वही कशाला म्हणाल तर नकाशा काढायला. लेन्सच्या पुढच्या रिंगवर कंपनीचं नाव असतंय, त्याचं पहिलं अक्षर म्हणजे १२ वाजले असं धरायचं आणि वहीत एक गोल काढून प्रत्येक डाग घड्याळाच्या काट्याप्रमाणं मांडायचा, म्हणजे "२ वाजता काठाजवळ बारीक धागे", "७ वाजता मधल्या भागात गोल ठिपका". हे केलं नाही तर लेन्स हातात फिरवताना आपण एकच डाग चार वेळा मोजतोय, हा प्रकार मी स्वतः बघितलोय.

पावसाळ्यातली एक गोष्ट आधी सांगतो. एसी गाडीतून चोर्ला घाटात नाहीतर कणकुंबीला उतरलात आणि लगेच लेन्स काढलात तर आत-बाहेर दव धरतंय, टॉर्चमध्ये ते हुबेहूब हेझसारखं दिसतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग तपासा.

बाहेरच्या दोन्ही काचा ब्लोअरनं फुंकून घ्या. नाहीतर बाहेरची धूळ आतली म्हणून लिहाल. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण उडतात.

पहिली पायरी: मागून उजेड, पण डोळ्याच्या रेषेत नाही

दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. एम ४२ माऊंटच्या, म्हणजे आटे फिरवून बसणाऱ्या, टाकुमारला मागं ए-एमचा (ऑटो-मॅन्युअल) खटका असतोय, तो एम वर घ्या म्हणजे रिंग फिरवली की ब्लेड हलतात. हेलिओस ४४-२ ला दोन रिंगा आहेत, एक मर्यादा ठरवते आणि दुसरी खटका न लागता ब्लेड उघडते-मिटते. यशिकाच्या ट्विन लेन्स कॅमेऱ्यात लेन्स निघत नाही, मागचं दार उघडा, शटर बी वर, म्हणजे दाबून धरू तेवढा वेळ उघडं राहील असं, ठेवून केबल रिलीज लॉक करा आणि मागून बघा.

आता टॉर्च लेन्सच्या मागं, पण सरळ डोळ्यात येईल असा धरू नका. तो ३० ते ४५ अंश बाजूला घ्या, म्हणजे तुम्हाला काच काळीभोर दिसेल आणि काचेत जे काय आहे ते त्या काळ्यावर चमकेल. आता टॉर्च सावकाश गोल फिरवा. काही ओरखडे एकाच दिशेनं उजेड आला तरच दिसतात, म्हणून पूर्ण चक्कर मारायची. मग लेन्स उलटी करून मागून तेच.

इथं बहुतेक जण घाबरतात. या उजेडात नवीकोरी लेन्ससुद्धा घाण दिसते. धुळीचे दहा-वीस कण, एखादा तंतू, हे काहीच नाही, फोटोत येत नाही, त्याच्यासाठी लेन्स उघडू नका. टॉर्चचं काम फक्त यादी करायची, निकाल द्यायचा नाही.

दुसरी पायरी: ब्लेड मिटवून पुढचं-मागचं वेगळं करा

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती ही. पुढून बघत अ‍ॅपर्चर एफ १६ पर्यंत, म्हणजे भोक अगदी बारीक होईपर्यंत, मिटवा. जुन्या मॅन्युअल निकॉर लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्या की रिंग फिरवेल तसे ब्लेड मिटतातच. आता तुम्ही वहीत लिहिलेला डाग मिटलेल्या ब्लेडच्या पुढं तसाच दिसतोय काय? मग तो पुढच्या भागात आहे. ब्लेडच्या मागं लपला काय? मग मागच्या भागात. मागून बघून हेच उलट करून खात्री करा. पाच मिनिटांत अर्धी लेन्स बाद होते आणि शोधायची जागा निम्मी राहते. ब्लेड मिटलेले असताना टॉर्च पुढून, बाजूनं मारा, मागून नको.

त्याच वेळी ब्लेडकडं पण नीट बघा. कोरडे, एकसारखे करडे-काळे असले तर छान. ओले, तेलकट, इंद्रधनुष्यासारखी चमक असली तर हेलिकॉईडचं, म्हणजे फोकस रिंगच्या आट्यांचं, ग्रीस पातळ होऊन आत उतरलंय, आणि जिथं ब्लेडवर तेल आहे तिथं शेजारच्या काचेवर हेझ असायची शक्यता फार. म्हणून हे आत्ताच वहीत लिहा.

डाग अजून बारकाईनं कुठं आहे ते बघायला लेन्स हातात किंचित डावी-उजवी कलवा आणि डाग ब्लेडच्या कडेच्या तुलनेत किती सरकतोय ते बघा. कडेबरोबरच राहिला तर तो ब्लेडला लागून असलेल्या काचेवर आहे. खूप सरकला तर लांबच्या काचेवर. पहिल्या दोन-तीन लेन्सला हे जमत नाही, नंतर हाताला सवय होते.

तिसरी पायरी: बल्बची प्रतिबिंबं मोजा

खोलीत एकच बल्ब लावा, बल्ब तुमच्या खांद्याच्या मागं आणि लेन्स समोर. आत बघितलात की बल्बची छोटी छोटी प्रतिबिंबं दिसतील, काही सुलटी, काही उलटी, लेन्स कलवली की काही एका दिशेला पळतात काही दुसऱ्या. हवा आणि काच जिथं भेटतात तो प्रत्येक पृष्ठभाग एक ठळक प्रतिबिंब देतो, चिकटवलेला जोड मात्र अगदी फिकं देतो. म्हणून टेसार टाईपमध्ये ६ ठळक आणि १ फिकं, हेलिओस ४४ मध्ये ८ ठळक आणि २ फिकी. सगळी एकदम दिसत नाहीत, कलवून कलवून मोजावी लागतात, धीर धरा.

याच्यातून तीन गोष्टी कळतात. प्रतिबिंबाचा रंग म्हणजे त्या पृष्ठभागाच्या कोटिंगचा रंग, जांभळा, निळसर, पिवळट. कोटिंगवाल्या लेन्समध्ये एखादं प्रतिबिंब एकदम पांढरं असलं तर तिथलं कोटिंग गेलंय नाहीतर कुणीतरी काच बदललीय. दुसरं म्हणजे एखाद्या प्रतिबिंबाभोवती दुधाळ वलय असलं तर हेझ त्याच पृष्ठभागावर आहे. आणि तिसरं, जे फिकं असायला पाहिजे ते प्रतिबिंब काही भागात चांदीसारखं चमकायलं तर तिथं सिमेंट सुटलंय, काचांमधे हवा शिरलीय. माझ्या रोकोरमध्ये हेच होतं आणि मला वाचता आलं नव्हतं.

आता नावं

फंगस. धागे असतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे, नाहीतर एका ठिपक्यातून चहूबाजूला फुटलेल्या फांद्या. बहुतेक वेळा काठाकडून आत येते. भिंगातून बघितलात तर धाग्याला जाडी दिसते, फाटे फुटलेले दिसतात. रंग करडा-पांढरा, त्यात इंद्रधनुष्य नसतंय, हे लक्षात ठेवा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की ती वाढते, आणि आपल्या भागात ते सगळीकडं सारखं नाही. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातली लेन्स आणि अथणी-रायबागच्या कोरड्या हवेतली लेन्स यांची तपासणी मी वेगळ्या मनानं करतो. खानापूर तालुक्यातून आली तर आधी धागे शोधायचे, अथणीकडून आली तर फोकस रिंगमधली बारीक माती आणि वाळलेलं ग्रीस. कातडी केसमध्ये ठेवलेली लेन्स कुठलीही असली तरी संशयानं बघा, कातडं ओल धरून ठेवतंय.

फंगस काचेवर वाढताना आम्ल सोडते, ते कोटिंग खातंय आणि फार वर्षं राहिली तर काच पण. साफ केल्यावर धागे जातात पण त्यांची खूण राहते काय ते आधी ओळखायला पुढून तिरका उजेड मारून त्या जागेच्या कोटिंगचा रंग बघा. रंग सलग असला तर आशा आहे. धाग्याच्या रेषेत रंग उडालेला दिसला तर खूण कायमची. हे शंभर टक्के नसतंय, खरं उत्तर पुसल्यावरच, पण लेन्स घ्यायची की नाही एवढं ठरवायला पुरतंय.

हेझ. धागे नाहीत, आकार नाही, एकसारखा धुरकटपणा, पहाटेच्या धुक्यात गाडीची काच दिसते तसा. जवळून बघितलात तर कधी बारीक बारीक थेंबांचा थर असतो. बहुतेक वेळा ब्लेडच्या दोन्ही बाजूंच्या काचांवर, कारण तेलाची वाफ तिथंच बसते. लेन्स नुसती हातात धरून हेझ कळत नाही, लोक म्हणतात "काच एकदम क्लिअर आहे" आणि टॉर्च लावला की दूध. ताजी हेझ पुसून जाते. पण काही लेन्समध्ये तीच काच खाऊन टाकते, ५० च्या दशकातल्या स्क्रू माऊंटच्या कॅनन ५० एमएम एफ १.८ ची ब्लेडमागची काच याच्यासाठी ओळखली जाते, तिथं पुसून काही उपयोग नसतोय. अशी लेन्स हेझसकट घेणार असाल तर ती साफ होणार नाही असं धरूनच भाव करा.

बाल्सम सुटणं, म्हणजे सेपरेशन. याच्यावर जरा जास्त लिहितो कारण लोक सगळ्यात जास्त इथंच चुकतात. सुरुवात काठाला होते, चंद्रकोर नाहीतर नखाएवढा चमकता तुकडा, कधी मधे बुडबुड्यासारखे गोल, कधी नेचाच्या पानासारखी नक्षी, ती नक्षी बघून हमखास फंगस वाटते. फरक असा ओळखायचा. लेन्स कलवली की सेपरेशन एका कोनात आरशासारखं चमकतंय आणि दुसऱ्या कोनात जवळजवळ नाहीसं होतंय, आणि कडेला रंगाचे पट्टे दिसतात, पाण्यावर रॉकेल सांडल्यावर दिसतात तसे, आणि कलवेल तसे ते सरकतात. फंगस कुठूनही बघा, तशीच मळकी. दुसरी खूण, सेपरेशनची सीमा रेखीव असते, पुढून आणि मागून तोच आकार दिसतो. तिसरी खूण ती प्रतिबिंबाची, वर सांगितलेली.

सेपरेशन पुसून जात नाही, म्हणून उघडू नका. नीट करायचं म्हणजे जोड सोडवून, साफ करून, पुन्हा केंद्र जुळवून चिकटवायचा, हे घरी करायचं काम नव्हे. पण काठाला थोडं असलं तर लेन्स टाकून पण देऊ नका. बऱ्याच वेळा ते वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, आणि जोड ब्लेडच्या जवळ असला तर एफ ४-५.६ ला काठाचा भाग ब्लेडच झाकून टाकतात. फक्त उष्णता सांभाळा. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर लेन्स ठेवू नका, सेपरेशन वाढायला तेवढं पुरतंय.

पिवळेपणा. लेन्स पांढऱ्या कागदावर उभी ठेवून दिवसाच्या उजेडात वरून बघा. चहासारखा पिवळट रंग आला तर दोन कारणं, बाल्सम म्हातारं झालंय नाहीतर काचेत थोरियम आहे. वर सांगितलेली ७ काचांची सुपर टाकुमार थोरियमवाली आहे, त्या काचेला किंचित किरणोत्सार असतोय आणि त्यानंच ती वर्षानुवर्षं पिवळी होत जाते. हे फोटो काढायला धोक्याचं नाही, पण असली लेन्स भिंग म्हणून डोळ्याला लावून बसू नका आणि काच घासू नका. थोरियमचा पिवळेपणा अल्ट्राव्हायोलेट उजेडानं उतरतो, यूव्ही एलईडीखाली काही दिवस ते दोन-तीन आठवडे, त्या उजेडाकडं उघड्या डोळ्यानं बघायचं नाही. उन्हात ठेवायची पद्धत पण आहे, पण लेन्स म्हणजे शेवटी भिंगच, मागं कागद-कापड आलं तर पेटतंय, म्हणून मी करत नाही.

बाकीचं भरभर. काचेच्या पोटातले बारीक गोल बुडबुडे हा दोष नाही, त्या काळच्या काही चांगल्या काचा बुडबुड्याशिवाय ओतताच येत नव्हत्या. काठाला आतून पांढरे ठिपक्यांचे पट्टे असले आणि ते फक्त कडेलाच, काचेच्या तोंडावर नाहीत, तर काळा रंग सुटलाय, श्नायडरच्या लेन्समध्ये हे इतकं दिसतं की या प्रकाराला त्यांच्याच नावावरून नाव पडलंय, फोटोला फारसा फरक पडत नाही. पुढच्या काचेवर बारीक गोलगोल रेघांचं जाळं म्हणजे वर्षानुवर्षं शर्टानं पुसल्याच्या खुणा, एकेक रेघ काही करत नाही पण सगळ्या मिळून उजेडाकडं तोंड केल्यावर कॉन्ट्रास्ट खातात. कडेला शिंपल्याच्या आकाराचा टवका किंवा काचेत चमकती सपाट भेग म्हणजे लेन्स पडलीय, मग रिंग वाकलीय काय ते पण बघा. आणि मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्यापेक्षा जास्त मनावर घ्या, तिथं उजेडाचा झोत अरुंद असतो म्हणून तेवढाच ओरखडा जास्त जागा अडवतो.

चौथी पायरी: फोटोत काय येतंय ते बघा

इथं निकाल लागतो. लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर बसवा, तीन फोटो पुरतात.

पहिला रात्री. लांबचा एकच रस्त्यावरचा दिवा बघा, लेन्स पूर्ण उघडी, फोकस सगळ्यात जवळ. दिव्याची मोठी उजेडी चकती येईल आणि त्या चकतीत लेन्समधलं सगळं सावलीसारखं दिसेल, धागे, ओरखडे, बुडबुडे, सेपरेशनची कड. आता कॅमेरा थोडा फिरवून तोच दिवा फ्रेमच्या मधे, मग चारही कोपऱ्यांत घ्या. डागाची सावली सगळ्या चकत्यांत त्याच जागी राहिली तर डाग ब्लेडच्या जवळच्या काचेवर आहे. मधल्या चकतीत एका जागी आणि कोपऱ्यातल्या चकतीत दुसऱ्या जागी सरकली तर तो पुढच्या नाहीतर मागच्या टोकाच्या काचेवर. म्हणजे वहीतला नकाशा कॅमेऱ्यानंच तपासून मिळतो. मधल्या फ्रेममधली चकती गोल, एकसारखी नसून एका बाजूला उजळ किंवा ओढल्यासारखी दिसली तर कुणीतरी लेन्स उघडून काच नीट बसवलेली नाही.

दुसरा दिवसा. गडद वस्तू पुढं आणि मागं भरपूर उजेड. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराचे काळे दगडी खांब आणि मागं आकाश, याच्यासारखी जागा नाही, पण घरातल्या खिडकीत काळी छत्री धरली तरी चालतंय. तोच फोटो एका चांगल्या लेन्सनं पण काढा, त्याच सेटिंगवर. काळ्याचा काळा राहिला तर टॉर्चमध्ये दिसलेलं काहीही असो, लेन्स कामाची आहे. काळा करडा झाला, सगळ्यावर दुधाचा हात फिरल्यासारखं झालं तर हेझ किंवा पसरलेली फंगस खरंच नुकसान करायलीय.

तिसरा, मोकळं आकाश, एफ १६. काळे ठिपके आलेच तर आधी सेन्सरवरची धूळ धरा. लेन्स काढून दुसरी लावा, ठिपके तिथंच राहिले तर लेन्सचा दोष नाही.

लांबून घेताना

विकणारा "मायनर डस्ट, नो इफेक्ट ऑन इमेज" लिहितो, ते वाचून घेऊ नका. तीन फोटो मागा. अ‍ॅपर्चर उघडं, मागून बाजूला टॉर्च. अ‍ॅपर्चर मिटलेलं, पुढून तिरका टॉर्च. आणि पांढऱ्या कागदावर ठेवून वरून. तिसरा फोटो पिवळेपणासाठी, पहिले दोन थरासाठी. जो द्यायला टाळतो त्याच्याकडून मी घेत नाही, आणि त्याच्यावर वाईट वाटून घेत नाही.

माझा स्वतःचा हिशोब असा. धूळ, बुडबुडे, कडेचा रंग, याच्यावर भाव पण करू नये. ताजी हेझ आणि काठाची फंगस असली तर साफ करायचा खर्च वजा करून घ्यावी, उघडायला सोपी असली तर. मधोमध पसरलेली फंगस आणि कोटिंगचा रंग उडालेला, सोडावी. काठाचं सेपरेशन, लेन्स मनापासून आवडत असली तर घ्यावी, मधलं सोडावं. भेग सोडावी.

घेतल्यावर

पावसाळ्यात घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटं हायग्रोमीटर. ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, फार खाली पण नको, ग्रीस वाळतंय. जेलचा रंग बदलला की १२० अंशाच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येतंय. फंगसवाली लेन्स वेगळ्या डब्यात ठेवलात तर मनाला बरं, पण बीजकण हवेत सगळीकडंच असतात, खरी लढाई ओलीशी आहे.

आणि प्रत्येक लेन्सचा टॉर्चवाला फोटो, त्याच कोनातून, त्याच अंतरावरून, वर्षातून दोनदा काढून ठेवा, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दसऱ्याला. शेजारी ठेवून बघितलात की धागा वाढलाय की नाही ते कळतं. माझ्याकडं एक हेलिओस आहे, तिच्या पुढच्या भागात ४ वाजता तांदळाच्या कणीएवढी फंगस आहे. सहा फोटो झाले, कणी तेवढीच आहे, रात्रीच्या चकतीत तिची सावली पण येत नाही. म्हणून ती लेन्स मी अजून उघडलो नाही.